कष्टकऱ्यांचे फोटो आदराने कसे काढावेत: नवशिक्यांसाठी सोपे धडे

अभिनंदन! कॅमेरा आला, हप्ते सुरू झाले, गड-किल्ले आणि सूर्यास्त टिपून झाले. आता माणसांकडे वळू. सरावाला कुलाब्याचं ससून डॉक घ्या. १८७५ पासून हा धक्का आहे आणि इथली माणसं कामात असतात, ही आपली मोठीच सोय.

१. पहाटे पोहोचा. ट्रॉलर लागतात, पाट्या उतरतात, लिलाव पुकारला जातो. या गडबडीत तुम्हाला हटकायला कुणाला फुरसत नसते. जून-जुलैत मात्र जाऊ नका. तेव्हा मासेमारीला बंदी असते आणि लोक बोलायला मोकळे सापडण्याची भीती असते. गप्पा मारणाऱ्या माणसात 'संघर्ष' दिसत नाही.

२. वाटेच्या मधोमध उभे राहा. मागून "बाजू, बाजू!" असा आवाज आला तर घाबरू नका, तुमचं स्वागत चाललं आहे. डोक्यावर पाटी घेतलेला माणूस तुमच्यामुळे थबकला तर उत्तमच. फोकस नीट साधतो.

३. विचारू नका. विचारलं की समोरची बाई 'नको' म्हणू शकते, हा विचारण्यातला मोठा तोटा. 'हो' म्हणाली तरी पंचाईत: ती पदर सारखा करते, केस नीट करते, हसते. मग कसला कष्टकरी? अगदीच संकोच वाटत असेल तर ७०-२०० ची लेन्स घ्या. लांबून आदर करायला ती फार चांगली.

४. हात टिपा. कोळंबी सोलणारीच्या अगदी जवळ बसा. डोकं पिरगाळायचं, अंगठ्याने कवच ओढायचं, सोललेली कोळंबी टोपात, टरफल खाली. बर्फाच्या पाण्याने तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते. टेक्स्चर अप्रतिम येतं! सोलेल तेवढ्या मालाचीच मजुरी तिला मिळते, म्हणून "मावशी, इकडे बघा ना" हे चार-पाच वेळाच म्हणा. तेवढा खर्च तिने कलेसाठी सोसायला हरकत नाही.

५. रंग काढून टाका. रंगीत फोटोत तिचा स्मार्टफोन आणि नेलपॉलिश दिसतं, त्याने गरिबीचा विरस होतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये घामाला वजन येतं.

६. नाव विचारू नका. याला थोर परंपरा आहे. डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेली 'स्थलांतरित आई' जगभर गाजली. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे लोकांना कळलं १९७८ मध्ये. हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी १९८५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली. तिचं शरबत गुला हे नाव उमगायला २००२ उजाडलं. तुम्ही तर कालच सुरुवात केलीत, घाई कशाला?

७. कॅप्शन दणदणीत द्या. 'अनामिक कोळीण', 'कष्टातलं समाधान' वगैरे. कोळंबी सोलणाऱ्या सगळ्याच बायका कोळी नसतात, पण हे कळायला बोलावं लागतं आणि बोलण्यात प्रकाश निघून जातो. समाधान तिला आहे की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

८. निघताना "फोटो पाठवतो हं मावशी" असं जरूर म्हणा. नंबर घेऊ नका.

हे सगळं जमत नसेल, तर कच्च्या मनाच्या लोकांसाठी एक हलका मार्ग आहे. कॅमेरा पिशवीत ठेवा. वाटेतून बाजूला व्हा. कुणाचं काम आटोपलं की चार शब्द बोला, स्वतःचं नाव सांगा, मग फोटोचं विचारा. 'हो' आलं तर काढा, तिला दाखवा, तिथेच तिच्या मोबाइलवर पाठवा. 'नको' आलं तर मासे घ्या आणि घरी जा. या मार्गाने दर वेळी फोटो मिळेल याची हमी नाही. म्हावरं मात्र ताजं मिळतं.