सहीपुरता आर्किटेक्ट

चिंचवडच्या आमच्या ऑफिसच्या दारावर पाटी आहे. तिच्यावर माझ्या नावाआधी 'आर्किटेक्ट' असे लिहिले आहे. पाटी साधीसुधी नाही, तिच्यामागे १९७२चा कायदा उभा आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसताना हा शब्द नावाला लावला, तर गुन्हा! शब्दाचा एवढा बंदोबस्त पाहून मी सुखात होतो. मग मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ उलगडून सांगितला : बिरुद राखीव, काम नाही. इमारतीचा आराखडा कोणीही करावा, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये. समोरचे सिमेंटवाले हे काटेकोर पाळतात. त्यांच्या बोर्डावर 'प्लॅन, इस्टिमेट, वास्तू, बोअरवेल' एवढेच आहे.

परवा चाकणजवळच्या गावातून एक अण्णा आले. जागा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट.

"सर, खोल्या काढायच्यात. कंपनीतली पोरं राहतील. दहा बाय दहाच्या, मधे बोळ, शेवटी दोन संडास."

नकाशा सोबतच होता. वहीच्या मधल्या जोडपानावर, भाच्याने काढलेला. "तुमची फक्त सही पाहिजे."

दुसऱ्याच्या नकाशावर सही करत नाही, असे बाणेदारपणे सांगून मी त्यांना आठवड्याने बोलावले. ऑफिसात ट्रेनिंगला एक मुलगी आहे. तिने तीन रात्री जागून सनबोर्डचे मॉडेल केले. मधे अंगण, अंगणात स्पंजचे झाड, भोवती कमानी. अण्णांनी चष्मा वर करून झाड न्याहाळले.

"ह्याचं भाडं किती येईल?"

मुलीला आधुनिक वास्तुकलेतले ल कोर्बुझिएचे पाचही मुद्दे पाठ आहेत. जिना काढला की शेवटची पायरी मात्र शेजाऱ्याच्या भिंतीत जाते. दोष तिचा नाही. आर्किटेक्चरच्या शिक्षणावर हुकमत एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची की कौन्सिलची, हे ठरवायला कोल्हापूरच्या एका कॉलेजचा खटला पार दिल्लीपर्यंत गेला. नोव्हेंबर २०१९मध्ये कौन्सिल जिंकली. जिन्याचा निकाल अजून राखीव आहे.

विषय बदलायला मी विचारले, "जागा कोणाच्या हद्दीत?" चाकण पट्ट्यात हे लग्नाआधी गोत्र विचारण्यासारखे आहे. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर एमआयडीसी, चाकण गावात नगरपरिषद, आजूबाजूच्या खेड्यांत पीएमआरडीए, इंद्रायणी ओलांडून मोशीत आलात की महापालिका. एमआयडीसी सोडली तर बाकीच्यांना २०२०पासून नियमावली एकच. तिचा अर्थ मात्र टेबलागणिक स्वतंत्र. मी मार्जिन, पार्किंग, प्रीमियम, जोते तपासणी, भोगवटा दाखला असे सगळे समजावले. सुमारे सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटला सरकारने परवानगीची कटकट काढून टाकली आहे, हेही आनंदाने सांगितले. "नियमात बसणारा नकाशा आणि सही तेवढी लागते."

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले.

"सर, २००१ला गुंठेवारीचा कायदा आला, बिनपरवान्याचं नियमित झालं. २०२१ला तारीख पुढं सरकली. २०२३ला पिंपरी-चिंचवडचा बेकायदा बांधकामांवरचा शास्तीकर माफ झाला. आता मला सांगा, नकाशा पास करून बांधणाऱ्याला आजवर काय माफ झालं?"

मी नियमावलीची सगळी परिशिष्टे मनात चाळली. एकही मदतीला धावले नाही.

"मग सही तरी कशाला हवी?"

"बँकेला दाखवायला. पण राहू द्या, पतसंस्थेत आपली ओळख आहे."

अण्णा उठले. दारापर्यंत जाऊन परत आले. मॉडेलभोवती एक फेरी मारली, कमानी बोटाने मोजल्या.

"ताई, हे टाकून देणार असाल तर नेऊ का? गणपतीला मखर झकास होईल."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. अण्णांनी पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून टेबलावर ठेवली, मॉडेल छातीशी धरले आणि जिना उतरून गेले.

पंधरा वर्षांत काहीही फेरफार न होता वापरले जाणारे हे आमच्या ऑफिसचे पहिलेच डिझाइन. फीसुद्धा हातोहात मिळाली.