पारावरच्या पहारेकरी काकांना खुले पत्र

आदरणीय काका,

गावाची संस्कृती तुमच्याच खांद्यावर उभी आहे, हे ठाऊक होतं. तिला कॅमेराही आहे, हे नुकतंच कळलं.

एसटी थांब्यावर माझी मैत्रीण आणि आमच्याच वर्गातला मुलगा उभे होते. तिच्या हातात जीवशास्त्राचं जर्नल, त्याच्या हातात वडापाव, त्यातला अर्धा तिला दिलेला. एवढा पुरावा तुम्हाला पुरला. गावच्या ग्रुपवर फोटो पडला, खाली तुमची ओळ: ‘पालकांनो, सावध!’ ते प्रेम होतं की नुसती मैत्री, हे त्या दोघांनाही अजून उमगलं नव्हतं. तुम्ही मात्र निकाल लावून मोकळे!

नजर तुमची तेज खरी. फक्त बंद पडलेला हातपंप तेवढा तिला दिसत नाही. 2016 साली ‘सैराट’ बघायला तालुक्याला दोनदा गेलात, हळदीत आजही ‘झिंगाट’वर दातांत रुमाल धरून नाचता. आर्ची-परशासाठी डोळे पुसलेत, धडा मात्र आर्चीच्या भावाकडून घेतलात.

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले. ‘शेतकऱ्याच्या पोरांना कोणी मुली देईना,’ म्हणून त्याचा व्हिडिओही तुम्हीच ग्रुपवर टाकलात. म्हणजे पोरापोरींनी थांब्यावर दोन शब्द बोलायचे नाहीत, आणि पुढे बायकोसाठी सरकारदरबारी अर्ज करायचा. वा!

तुमच्या फोटोचं फलित ऐका. तो मुलगा रोज कॉलेजात येतो. तिचं कॉलेज बंद. मला तिच्या घरी मज्जाव. चिठ्ठ्या मीच पोचवत होते म्हणे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण तिला बसपर्यंत जाऊ देतंय कोण? सतरा वर्षांच्या त्या पोरीला बघायला परवा पाहुणे येऊन गेले. कांदेपोह्यांना तुम्हीही होतात.

काका, 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असं लग्न लावणाऱ्यालाच नव्हे, तिथे अक्षता टाकणाऱ्यालाही शिक्षा आहे. तेव्हा आज संध्याकाळी तिच्या वडिलांकडे जा, फोटोत काहीच वावगं नव्हतं असं सांगा आणि सोमवारी तिला बसमध्ये बसवा. नाहीतर चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर आमच्याही मोबाइलमध्ये आहे.

आपली,
त्याच बसची एक पासधारक