साडूभाऊंचं कपाळ

बँकेचे हप्ते थकले की माणूस बँकेच्या दारावरून जायचं टाळतो. नात्यातले पैसे थकले की टाळाटाळ देणाऱ्यालाच करावी लागते. लग्नाकार्यात समोरासमोर आलो की मीच नजर वळवतो, मीच मठ्ठ्याच्या टेबलाकडे सरकतो. आमचे साडूभाऊ भर मांडवातून हाक मारतात, "काय साहेब, हल्ली दिसत नाही! रागावलात की काय?" याचं खरं उत्तर 'दीड लाख रुपये' असं आहे. पण हातात मठ्ठ्याचा पेला आणि शेजारी सासूबाई असताना ते देता येत नाही. मग मी म्हणतो, "छे हो, रागवायचं काय त्यात!" ते पाठीवर थाप मारून पुढच्या माणसाची चौकशी करायला निघून जातात.

साडू हे नातंच अवघड. मेहुण्यापुढे जावयाचा मान आडवा घालता येतो. भाऊ असेल तर आईकडे गाऱ्हाणं नेता येतं. साडू म्हणजे एकाच सासुरवाडीचा दुसरा जावई. दर्जा बरोबरीचा, अधिक महिन्यात दोघांना तेहेतीसच अनारसे. कुणाचा कुणावर वचक नाही. त्यात ते थोरले, म्हणजे फराळाचं ताट आधी त्यांच्यापुढे येणार.

चिंचवडच्या फ्लॅटच्या वेळी त्यांना मुद्रांक शुल्काला पैसे कमी पडले. त्यांची एफडी होती. पण "आत्ता मोडली तर व्याज बुडतं हो, दोन महिन्यांत मॅच्युअर होतेच आहे." त्यांचं व्याज बुडू नये म्हणून माझं मुद्दल गेलं, असा हा साधा हिशेब. एफडी यथाकाल पिकली. ती पिकल्याचं मला दल सरोवरातून कळलं. साडूभाऊ शिकाऱ्यात काश्मिरी पोशाख घालून, हातात हुक्का घेऊन बसले होते आणि तो फोटो त्यांनी व्हॉट्सॅपच्या स्टेटसवर ठेवला होता. "ताई किती छान दिसतेय ना!" बायको म्हणाली. मी फोटो मोठा करून पाहिला. त्या शिकाऱ्याचं निदान एक वल्हं तरी माझं होतं.

पहिलं वर्ष मी आडून आडून बोलण्यात घालवलं. पेट्रोल किती वाढलं, मुलाच्या क्लासची फी किती झाली, गच्ची गळतेय पण काम काढायला हात आखडतोय, असं सगळं त्यांच्या कानावर घातलं. साडूभाऊंनी ते अत्यंत सहानुभूतीनं ऐकलं आणि मला एसआयपी सुरू करायला सांगितलं. "तुमचं काय होतं ना, पैसा नुसता पडून राहतो. तो फिरता ठेवला पाहिजे." माझा पैसा किती फिरला याची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला असणार!

त्यानंतर एकदा मी धीर करून चार लोकांत, पण हसत हसत, "त्या रकमेचं जरा बघा" असं म्हणालो. साडूभाऊ माझ्याहून मोठ्यानं हसले. "अहो, सावकार झालात की! परवाना काढलात का? २०१४चा सावकारी नियमनाचा कायदा आहे महाराष्ट्रात, सांभाळून हं!" सगळे हसले. बायकोही हसली. घरी आल्यावर मात्र ती म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला काढायचं ते? ताईला किती लागलं असेल!" ताई त्या वेळी तिसरी जिलबी घेत होती, हे मी बोलून दाखवलं नाही.

शेवटी एका वकील मित्राकडे गेलो. त्यानं आधी विचारलं, पैसे रोख दिलेस की बँकेतून? म्हटलं, बँकेतून. तो खूश झाला. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं उसनी घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि आमचा व्यवहार तर मोबाइलवरून लख्ख झालेला. "वा! रिमार्कमध्ये काय लिहिलंय?" व्यवहार बायकोनं केला होता. तिनं लिहिलं होतं, 'ताईसाठी'. मित्रानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही भेट होती असं तो म्हणाला तर? बायकोची बहीण आणि तिचा नवरा आयकराच्या लेखी नातेवाईकच. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर करसुद्धा नाही." म्हणजे माझ्या दीड लाखावर साडूभाऊंना एक पैसा कर पडणार नव्हता. ही शुभवार्ता त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी पुढे बरेच दिवस जपत होतो.

मुख्य काळजी मुदतीची. १९६३च्या मुदतीच्या कायद्यानं असे पैसे वसूल करायचा दावा दिल्या दिवसापासून तीन वर्षांत लावावा लागतो. परतीची तारीख काही ठरलेली नव्हती. 'होईल हो सावकाश' ही तारीख कुठल्याच पंचांगात सापडत नाही. पण मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं सहीनिशी कबुली लिहून दिली, तर तिथून तीन वर्षं पुन्हा नव्यानं मोजायची. "तेवढं काहीतरी लिहून घे," मित्र म्हणाला. मी त्याच रात्री साडूभाऊंना मेसेज केला, "त्या दीड लाखाचं कसं करू या?" उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं. मी ते मित्राला पाठवलं. तो म्हणाला, "ही कबुली म्हणता येणार नाही. हा नमस्कारही असू शकतो." माझ्या मते तो कोपरापासून होता, पण तसं कोर्टात सिद्ध करणं कठीण.

चेक मागितला तर त्यांनी हसत दिला. दिलदार माणूस! "फक्त मी फोन केल्याशिवाय टाकू नका हं." चेक तीन महिने चालतो. साडूभाऊंचा फोन चौथ्या महिन्यात आला, गणपतीला या म्हणून. समजा मी तो न विचारता टाकला असता आणि तो परत आला असता, तर तीस दिवसांत नोटीस, पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर खटला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड. कायदा खणखणीत आहे. पण पुढच्या वर्षी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन. तिथे थोरले जावई येरवड्याहून पॅरोलवर येणार, आणि पाटावर शेजारी मी!

जुन्या काळी घेणेकऱ्याकडे याहून सरळ उपाय होता. तो देणेकऱ्याच्या दारात धरणं धरून बसायचा, उपाशी. दारात माणूस उपाशी म्हणून घरातल्यांनाही अन्न गोड लागायचं नाही, पाप लागेल ही धास्ती वेगळीच. इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याचा गुन्हा लिहिला, तेव्हा ५०८व्या कलमाखाली उदाहरण म्हणून हे धरणंच दिलं. म्हणजे पैसेही माझेच, उपासही मलाच आणि आरोपीही मीच. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी चिंचवडला ते साधलं नसतं. मी दारात बसलेलो दिसताच ताईंनी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा आणून ठेवला असता. ताईंच्या थालीपिठापुढे उपास टिकवायची ताकद माझ्यात नाही.

कर्जाची खरी लाज कशी असते ते पाहायचं तर बाजीराव पेशव्यांकडे बघावं. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाचं कातडं झिजल्याची कैफियत मांडली आहे. स्वामी स्वतःच त्यांचे एक धनको, त्यामुळे पत्रात थोडा मसाला असेल, मान्य. तरी माळव्यापर्यंत दरारा असलेला माणूस कर्जाचं नाव निघाल्यावर कपाळाकडे बोट दाखवतो! आमच्या साडूभाऊंचं कपाळ मी जवळून पाहिलं आहे. गणपतीत अष्टगंध लावताना पाहिलं, वाढदिवसाला ओवाळताना पाहिलं. तुळतुळीत आहे. ओरखडासुद्धा नाही. झिजलं असेल तर माझंच.

मध्यंतरी परतफेडीसारखं काहीतरी घडत होतं, नाही असं नाही. आमच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाला साडूभाऊंनी दोन हजार रुपये खाऊला दिले. ते मुद्दलातून वजा करायचे की नाहीत, यावर घरात दोन तट पडले. बायको म्हणाली, "खाऊ म्हणजे खाऊ, तो कसला वळता करता?" चिरंजिवांनी तोवर त्या पैशांचे बूट आणले होते.

आणि मग मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना साडूभाऊ टेम्पो घेऊन दारात आले. टेम्पोत त्यांचा ट्रेडमिल होता. "घरी जागा अडते. तुम्हाला पोट कमी करायचंच आहे. बारा हजार धरा आणि तुमच्या त्या हिशेबातून वळते करा." त्या हिशेबातून! तीन वर्षांत त्यांच्या तोंडून हिशेबाचा हा पहिला उल्लेख. ट्रेडमिलचा पट्टा एका बाजूला सरकत होता आणि वेग चारच्या वर गेला की त्याला धाप लागायची; बारा काय, पाच हजारांनाही तो महाग होता. मी घासाघीस केली नाही. त्यातच साडूभाऊ म्हणाले, "पावती द्या बरं का. नातं नात्याच्या जागी, व्यवहार व्यवहाराच्या जागी."

माझा हात थरथरत होता. मी मुलाच्या वहीचा कागद फाडला आणि लिहिलं: हातउसने घेतलेल्या एक लाख पन्नास हजार रुपयांपैकी बारा हजार रुपयांपोटी एक ट्रेडमिल दिला, देणे बाकी एक लाख अडतीस हजार. खाली तारीख घातली. 'घेणार' म्हणून मी सही केली आणि सहज पुढे सरकवावं तसा कागद सरकवून म्हटलं, "देणार म्हणून तुम्ही करा." साडूभाऊंनी ऐटीत, नावाखाली दोन रेघा ओढून सही केली.

मी कागदाचा फोटो मित्राला पाठवला. मित्रानं ताबडतोब फोन केला आणि माझा आनंद एवढा मोठा, की फोन स्पीकरवर आहे हे लक्षातच राहिलं नाही. "जिंकलास! स्वच्छ कबुली आहे," तो ओरडला, "आजपासून पुढे आणखी तीन वर्षं!"

साडूभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर मनापासूनचा दिलासा होता.

"तीन वर्षं आहेत होय अजून?" ते म्हणाले. "मग उगाच ट्रेडमिल आणायची घाई केली."