फ्लॉपीशी महायुद्ध

जपानचे तेव्हाचे डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी 2022च्या ऑगस्टमध्ये युद्ध पुकारलं. कुणाविरुद्ध? फ्लॉपीविरुद्ध. सुमारे 1,900 सरकारी कामांत माहिती फ्लॉपी, सीडी असल्या वस्तूंवर भरून आणून द्या, असा नियम होता. सोनीनं फ्लॉपी बनवणं 2011मध्येच थांबवलेलं. नियमांना ते कुणी कळवलं नसावं. 2024च्या जूनअखेरीस विजय मिळाला. हजारावर नियम धारातीर्थी पडले, एक तेवढा वाचला: जुन्या गाड्यांच्या पुनर्वापराचा. भंगारानं भंगाराला सांभाळून घेतलं, दुसरं काय!

याच देशात 2018मध्ये सायबर सुरक्षेचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की, मी स्वतः कधी संगणक वापरलेला नाही. त्यांचा संगणक हॅक होण्याची मात्र सोय नव्हती.

आपण हसायचं कारण नाही. परवा एका सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज भरला, तर खिडकीतून हात आला: ‘‘याची झेरॉक्स जोडा. दोन.’’

तिकडे जपानात कोनोंनी फ्लॉपीच्या आधी, 2021मध्ये, सरकारी कचेऱ्यांतल्या फॅक्सलाही हात घातला होता. खात्यांकडून शेकडो हरकती आल्या. फॅक्स जागेवरच राहिला.