नाक वाकडं कधीपासून?

माझं नाक कोणत्या तारखेला वाकडं झालं, हे विमा कंपनीला हवं आहे. नुसतं साल चालणार नाही, तारीख हवी, आणि तीही इलाज करणाऱ्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरची मुलगी म्हणाली, "सर, क्वेरी आलीय," आणि माझ्या नाकाकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याच्यावर कुठेतरी बारीक अक्षरात छापलेलं असावं.

प्रकरण साधं होतं. नाकातला पडदा डावीकडे कललेला, डावी नाकपुडी जवळजवळ बंद, फवारे मारून झालेले. याला आपल्याकडे 'हाड वाढलं' म्हणतात. पॉलिसीच्या पुस्तिकेत हे हाड दोन वर्षं थांबायच्या यादीत बसतं, मोतीबिंदू आणि हर्नियाच्या पंगतीला. म्हणजे 24 महिने एका नाकपुडीवर काढायचे. काढले. सव्विसाव्या महिन्यात दाखल झालो. नाकासमोर चालणारा माणूस आहे मी. नाकच डावीकडे बघत असल्यानं जरा वळसा पडला, इतकंच.

तर तारीख. 'जन्मापासून' लिहावं, तर आजार पॉलिसीच्या आधीचा, म्हणजे 36 महिने थांबा. 'सहा महिन्यांपासून' लिहावं, तर सहा महिन्यांत हाड वाकलं कसं ते सांगा. पडलात का? पडला असाल तर उत्तम. अपघाताला थांबावं लागत नाही, फक्त पोलिसांचा कागद जोडा. आता सातवीत असताना वाड्याच्या अंगणात चेंडू माझ्या नाकावर बसला होता, हे खरं. पण पंचनामा झाला नाही. नाकावरून उडालेला तो चेंडू पलीकडच्यानं झेलला. फलंदाज आज दुबईत आहे आणि तो आउट होता की नाही यावरच आमचं अजून एकमत नाही, तिथे तारखेवर कुठून होणार?

मध्येच दुसरी क्वेरी: ऑपरेशननं दिसण्यात फरक पडेल का? कारण रूप बदलायला केलेली शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची दुरुस्ती असेल, किंवा तब्येतीला थेट धोका आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तरच. डॉक्टरांनी लिहून दिलं की काम फक्त आतलं आहे, पेशंट पूर्वीइतकाच दिसेल. ते वाचून बायकोचा चेहरा जरा उतरला. 1794 साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळची एक हकिगत छापून आली होती: विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून कापलेल्या नाकाच्या जागी नवं नाक बसवलं. त्याला कुणी तारीख विचारली नाही, म्हणून ते नाक झालं.

मग कंपनीचा चौकशीवाला घरी आला. मुलगा सभ्य, चपला बाहेर काढून आला. दुर्दैवानं दार आत्यानं उघडलं. "नाक होय?" आत्या म्हणाली. "अरे, याच्या बारशालाच मी म्हटलं होतं, पोरगं सगळं आजोळवर गेलंय, नाक तेवढं आमच्या अण्णांचं! हे बघ." असं म्हणून तिनं भिंतीवरचा माझ्या आजोबांचा हार घातलेला फोटो दाखवला. त्यानं त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला, पोहे खाल्ले, लिंबू मागून घेतलं आणि गेला. आठ दिवसांनी पत्र आलं: कुटुंबीयांच्या निवेदनावरून आजार पूर्वीपासून असल्याचे दिसते, सबब दावा नामंजूर.

मला आता हसू येत नाही. त्याच कंपनीच्या पुस्तिकेत 'पूर्वीचा आजार' कशाला म्हणायचं ते छापलंय: पॉलिसी घेण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरनं ज्याचं निदान केलं किंवा ज्यावर उपचार सांगितले, तो. डॉक्टरनं! आत्या निदान करत नाही, नावं ठेवते. माझ्या नाकाचं निदान झालं गेल्या पावसाळ्यात, त्याचा कागद फाइलमध्ये पहिलाच लावलाय. पण कागद कोण वाचतो, भिंतीवरचे फोटो बघायचे! आणि बघायचंच होतं, तर पॉलिसी विकताना बघायचं होतं. तेव्हा फोनवरचा माणूस 'सगळं कव्हर आहे सर, डोक्यापासून पायापर्यंत' म्हणत होता. नाक या दोन टोकांच्या मध्येच येतं, अशी माझी समजूत. हप्ता दोन दिवस लांबला तर सकाळ-संध्याकाळ मेसेज येतात, तेव्हा माझ्या आत्याची साक्ष कुणाला लागत नाही. विम्याच्या कार्डावर माझा फोटो आहे, त्यांनीच मागून घेतलेला. त्या फोटोकडे बघून वर्षाचे पैसे तीनदा घेतले. दावा केला त्या दिवशी मात्र नाक दिसलं, तेही आजोबांचं.

मी पुन्हा अर्ज केलाय. निदानाच्या कागदावरच्या तारखेखाली लाल रेघ मारलीय, दोनदा.

ज्या वाचकांची नाकं अजून सरळ आहेत, त्यांना एकच विनंती. आजचं वर्तमानपत्र छातीशी धरून, तारीख दिसेल असा, समोरून एक फोटो काढून ठेवा. फोटोत आत्याला घेऊ नका.