कानाची कैफियत

मनुष्य आपल्या दृष्टीचा अधूपणा चष्मा लावून जगजाहीर करतो, दात पडले तर कवळी बसवून घेतो, आणि स्मरणशक्तीविषयी तर स्वतःच तक्रार करीत हिंडतो. परंतु आपला कान इतरांच्या कानाहून यत्किंचितही कमी प्रतीचा आहे, ही गोष्ट तो देहान्त प्रायश्चित्ताच्या धाकानेही कबूल करणार नाही. ध्वनीची दाबून लहान केलेली फाइल आणि मूळ आकाराची फाइल यांच्या आवाजात फरक आहे किंवा कसे, हा रसिकमंडळींतला जुना दावा अद्याप निकाली निघत नाही, याचे खरे कारण मला हेच दिसते.

दाव्याचा मूळ कागद असा आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर एका सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी मिळून बाजू दोन. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिटांचा खर्च. जर्मनीतील एर्लांगेन येथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी या अवाढव्य दफ्तरावर एक कारकून नेमला, आणि त्याच्या हातच्या फाइलींना १९९५ साली ‘एमपीथ्री’ हे आडनाव मिळाले.

हा कारकून मोठा धूर्त आहे. एखाद्या बुलंद आवाजाच्या शेजारी, जवळच्याच कंपनसंख्येचा क्षीण आवाज आला, तर मनुष्याच्या कानाला त्याचा पत्ता लागत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असल्यामुळे असल्या दुर्बळांचे अर्ज तो बिनदिक्कत दप्तरदाखल करतो, आणि सेकंदाला १,२८,००० बिटांत, म्हणजे मूळ खर्चाच्या सुमारे अकराव्या हिश्श्यात, साहेबांपुढे असा खुलासेवार अहवाल ठेवतो की, यातून काही गाळले असेल अशी शंकाही साहेबांना येऊ नये. त्याची फजिती होते ती गर्दी नसेल तेथे. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे साथसंगतीवाचून म्हटलेले गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीस लावले, तेव्हा आरंभी तिच्या आवाजाची पुरती दुर्दशा झाली. कारण वाद्यांच्या गजबजाटात अफरातफर खपून जाते, एकट्या कंठाच्या आड ती लपवायला जागा नसते. शांततेनंतर येणाऱ्या थापेची अस्पष्ट चाहूल थापेच्या आधीच लागणे, टाळांचा किणकिणाट गढूळ होणे, हेही त्याच्या नावावरचे जुने गुन्हे. पण खर्चाची मंजुरी ३,२०,००० बिटांपर्यंत वाढवून दिली की, त्यांतले बहुतेक आपोआप मिटतात.

२००१ साली ‘फ्लॅक’ नावाचा दुसरा कारकून रुजू झाला, तो मात्र विलक्षण सचोटीचा. तो एक अक्षरही गाळीत नाही. केवळ कागदांच्या घड्या अशा नेटक्या घालतो की, पुष्कळदा निम्मे कपाट रिकामे होते, आणि घडी उलगडली की प्रत्येक बिट जागच्या जागी सापडतो. मूळ अंकांवरून काढलेली मोहोरदेखील फाइलीच्या मस्तकीच असते. ज्याला शंका असेल त्याने खुशाल रुजवात घालावी.

माझ्या एका स्नेह्यांना ही रुजवात मान्य नाही. हिशेबखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली शिल्लक ध्वनिवर्धक आणि मनगटाएवढ्या जाडीच्या तारा यांत गुंतविली असून, फ्लॅकमधले सूर त्यांना किंचित थकलेले वाटतात. घडी उलगडण्याचे श्रम यंत्राला होतात आणि त्या श्रमांची छाया मध्यसप्तकावर पडते, असे त्यांचे निदान आहे. मी मोहोर दाखविली, तेव्हा ते म्हणाले, “अंक जुळतात हो, पण प्राण?” प्राणाची मोहोर अद्याप कोणी तयार केलेली नसल्यामुळे मला निरुत्तर व्हावे लागले.

या स्नेह्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या सेकंदाला ९६,००० नमुने घेऊन, कसलीही दाबादाबी न करता, जतन केल्या आहेत. गमतीचा भाग असा की, गाण्यात काही क्रम असतो म्हणून त्याची घडी बसते, पण खरखरीला ना नियम ना पुनरावृत्ती, त्यामुळे तिची घडी त्या सचोटीच्या कारकुनालाही घालता येत नाही; सबब स्नेह्यांचा तो भव्य संग्रह उद्या फ्लॅकच्या हवाली केला, तरी त्यातली बरीचशी जागा सुईची खरखरच अडवून बसेल. शिवाय तासाभराचा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत बसविण्याची सक्त काटछाट त्या काळच्या गवयांनी तबकडीपुढे उभे राहून स्वतःच केलेली होती, आणि त्यात प्राण गेल्याची तक्रार स्नेह्यांनी आजवर केलेली नाही.

अशा दाव्यांच्या निवाड्याची रीत ठरलेली आहे. ‘अ’ आणि ‘ब’ उघडपणे ऐकवावे, मग ‘क्ष’ हा त्या दोहोंपैकी कोणता ते ओळखावयास सांगावे, आणि उत्तर वाजविणाऱ्यालाही ठाऊक नसावे. केवळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात, म्हणून १६ पैकी निदान १२ आली तरच फरक ऐकू आला असे मानावे. स्नेह्यांवर अन्याय होऊ नये यासाठी मी फ्लॅक बाजूला ठेवून १,२८,००० बिटांची फाइल आणि टाळांच्या गजरातले एक भजन निवडले. निकाल नाणे उडवून लागला असता तसाच लागला, आणि त्या दिवशीची वीज अशुद्ध होती असे ठरले. तेवढ्यात खाऊचा डबा शोधीत आलेली माझी शाळकरी भाची म्हणाली, “काका, ही दुसरीच ना? टाळ वाजले की कसंतरीच होतंय,” आणि पुढे प्रत्येक वेळी तिने डबा न सोडता अचूक उत्तर दिले. दोहोंपैकी कोणती आवडली, असे विचारता म्हणाली, “कुठलीही चालेल. गाणंच बोअर आहे.”

बालपणी मनुष्याचा कान २०,००० कंपनांच्या आसपास पोहोचतो आणि पुढे वयाबरोबर वरचा मुलूख हळूहळू हातचा जातो. आणि १,२८,००० बिटांचा कारकून बहुधा १६,००० कंपनांच्या वरचाच मुलूख आधी खालसा करतो. म्हणजे दात असताना चणे नसावेत आणि चणे जमेपर्यंत दात उरू नयेत, हा सृष्टीचा कायदा कानालाही लागू आहे; ज्यांना फरक ऐकू येतो त्यांना त्याची पर्वा नाही, आणि ज्यांनी त्यासाठी निवृत्तिवेतन खर्ची घातले, त्यांच्या दप्तरी तो पोहोचतच नाही.

स्नेह्यांनी हा पुरावा शांतपणे ऐकून घेतला व फैसला दिला की, मुलीचा कान अजून तयार व्हायचा आहे. विचारांती मला हा फैसला बिनतक्रार मान्य आहे. कान पुरता तयार होईपर्यंत असले बारीकसारीक फरक ऐकू येण्याची खोड आपोआप जाते.