माकड, सागवान आणि भंगार

लेकाकडे सहा महिने राहायला गेलेले आईबाबा लंडन करतात, लेक डिस्ट्रिक्ट करतात, एडिंबरा करतात. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हार्टलपूल कुणी करत नाही. टूर कंपनीच्या पत्रकात नाही, म्हणजे पाहण्यासारखं काही नसणारच!

तिथल्या गोदीत एक जहाज उभं आहे. मुंबईचं.

एचएमएस त्रिंकोमाली. 1816 साली चांदीचा खिळा ठोकून मुंबईच्या गोदीत तिचं काम सुरू झालं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड मलबारचं सागवान. नेपोलियनशी लढता लढता इंग्रजांचा ओक संपत आला होता. साता समुद्रांवर राज्य करणाऱ्यांना फळ्या मात्र आमच्याकडून.

आज युरोपातली सर्वांत जुनी तरंगती युद्धनौका म्हणून तिची ख्याती आहे. अर्ध्याहून अधिक लाकूड अजून मूळचंच. आमच्याकडे गेल्या वर्षीचा पूल या पावसाळ्यात कुठे असतो?

नाळेवर कोरलेला पुतळा बघा. झुपकेदार मिशा, डोक्याला पागोटं. इंग्लंडच्या थंडीत भाईसाहेब छाती काढून उभे. खाली उतरलात की मान वाकवावीच लागते. खलाशाला झोळी टांगायला मिळायची चौदा इंच जागा. विरारची लोकल पकडणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

पराक्रमाचं विचारू नका. ही बाई युद्धासाठी बांधली आणि पाण्यात उतरली तेव्हा वॉटर्लू होऊन दोन वर्षं झालेली. इंग्लंडला पोचताच डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ठेवून दिली. पंचवीसेक वर्षं नुसती पडून. पुढे थोडी फिरली, पण नाव घ्यावी अशी लढाई एकही नाही.

म्हणूनच वाचली. लढलेल्यांचं काय होतं, ते पुढे येतंच आहे.

जहाजाभोवती अठराव्या शतकातला धक्का आहे. बंदुकीवाला, शिंपी, छापखाना, सगळी दुकानं जशीच्या तशी. फक्त हा धक्का 1990च्या दशकात बांधला. खऱ्या जहाजाभोवती खोटं बंदर!

हसू नका. आमच्याकडे बंदरं खरी आहेत. जहाजं कुठे आहेत?

गावाची कीर्ती मात्र जहाजाने नाही, माकडाने झाली. दंतकथा अशी की नेपोलियनच्या काळात फ्रेंच गलबत फुटलं आणि एकटं माकड किनाऱ्याला लागलं. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. हाच हेर, असं ठरवून माकडाला फाशी दिलं. खरं-खोटं माकड जाणे. पण फुटबॉल क्लबाने माकडच शुभंकर म्हणून घेतलं, आणि 2002 साली त्या माकडाच्या पोशाखात नाचणारा तरुण महापौरपदाला उभा राहिला. आश्वासन काय? शाळकरी पोरांना फुकट केळी.

निवडून आला. पुढे आणखी दोनदा आला. आमच्याकडे पोशाख न घालताच येतात.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, बघा, गोऱ्यांना वारशाची कदर! थांबा. याच हार्टलपूलला जहाज तोडायचा कारखाना आहे. क्लेमान्सो ही फ्रेंच विमानवाहू नौका आधी भंगारात निघाली होती आमच्या अलंगला. पोटातल्या ॲस्बेस्टॉसवरून बोंब झाली, 2006 साली फ्रान्सने ती माघारी बोलावली. शेवटी 2009 साली गेली कुठे? हार्टलपूलला. माकडावर भागवलं होतं, आता अख्खं फ्रेंच जहाज हाती लागलं.

तेव्हा कदरबिदर काही नसते. कुणीतरी हट्टाला पेटतं, पैसे उभे राहतात. त्रिंकोमालीच्या डागडुजीला 1990 ते 2001 एवढा काळ लागला. अकरा वर्षं एकाच जहाजाच्या मागे! तेवढ्यात आमच्याकडे तीन समित्या बसून उठतात.

आता दुसरी बाजू. हार्टलपूलपासून तासाभराच्या अंतरावर न्यूकॅसल. तिथे टाईन नदीकाठी 1945 साली हर्क्युलिस नावाची नौका पाण्यात उतरली. आमच्याकडे आली ती विक्रांत होऊन. 1971 साली लढली. 1997 साली निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, पोरांच्या सहली येऊन गेल्या. 2014 साली साधारण साठ कोटींना विकली आणि दारूखान्यात तोडली.

मुंबईत बांधलेलं जहाज त्यांनी सांभाळलं. त्यांनी बांधलेलं आम्ही मुंबईत तोडलं. हिशेब चुकता!

एकदा चूक झाली म्हणून सोडून देऊ. मग विमानवाहू विराटची पाळी आली. 2018 साली राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला 852 कोटींचा प्रकल्प मंजूर केला. सिंधुदुर्गात पर्यटन येणार, रोजगार येणार, झालंच तर विमानतळही येणार. 2020 साली विराट अलंगला गेली. भाव, 38 कोटी 54 लाख.

मंजुरी महाग होती, जहाज स्वस्त होतं.

बरं, त्रिंकोमाली जिथे जन्मली ती गोदी तरी बघावी म्हटलं, तर ती नौदलाच्या आवारात. लायन गेटवरचे सिंह बाहेरून बघा आणि पुढे चला. फोटोचं नावही काढू नका. सुरक्षेचा प्रश्न आहे, मान्य. पण मुंबईकराला मुंबईच्या गोदीची कर्तबगारी बघायला व्हिसा काढावा लागतो, त्याचं काय?

विक्रांतबद्दल मात्र वाईट वाटून घेऊ नका. तिचं पोलाद वितळवून 2016 साली एका कंपनीने मोटारसायकल काढली. देशप्रेम आणि मायलेज एकाच गाडीत. तिचंही उत्पादन आता बंद आहे. हवीच असेल तर सेकंडहँडवाल्याकडे चौकशी करा. आणि कागदपत्रं तपासून घ्या.